४९९ चं नेट आम्हाला पडलं ५,८१३ ला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी जूनमध्ये तुमच्या पेपरात घालून एक पिवळं पत्रक आलं होतं. ‘१०० एमबीपीएस, फक्त ४९९, राउटर फ्री, इन्स्टॉलेशन फ्री, ओटीटी फ्री’. आता पत्रक पेपरवाला पोरगा घालतो हे मला माहिती आहे, त्यात तुमचा दोष नाही, पण तशीच जाहिरात त्याच आठवड्यात आत अर्ध्या पानाची पण होती आणि ती मात्र तुमचीच, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय.

मी धायरीला राहते, दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मुलीला नोकरी लागली ती घरून काम करायची, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तिची मीटिंग सारखी अडकायची, त्यामुळे नेट घ्यायचंच होतं. सोसायटीच्या गेटवर त्याच कंपनीची छत्री लागली होती, खाली टेबल टाकून दोन पोरं बसलेली. (ही छत्री लावायला कंपनी सोसायटीला पैसे देते, आणि ते आमच्या कमिटीच्या हिशोबात जमा होतात, तेव्हा आपण अगदीच धुतल्या तांदळाचे आहोत असं नाही.) पोरगा अगदी गोड. “काकू, फक्त ४९९, उद्या सकाळी वायर टाकून जातो.” मी दोनदा विचारलं, अजून काही नाही ना रे? “काही नाही काकू.”

दुसऱ्या दिवशी जो आला तो वेगळाच पोरगा होता, आणि त्याच्याकडून एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. इन्स्टॉलेशन फ्री आहे पण सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच, महिन्याचे भरायचे असतील तर हजार रुपये वेगळे. बरं, सहा महिने तर सहा महिने. मग ४९९ वर १८ टक्के जीएसटी, ते पत्रकावर नव्हतं का, तर होतं, चांदणी होती आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती. मग राउटर फ्री म्हणजे वापरायला फ्री, त्याचं डिपॉझिट १,५००, “रिफंडेबल आहे ना काकू”. मग वायर. कंपनीचा बॉक्स शेजारच्या विंगच्या गच्चीवर, तिथून आमच्या हॉलपर्यंत फायबर आणायचं तर फ्रीवाली लांबी संपून वर ४० मीटर जास्त जात होती, मीटरला १२ रुपये. हे सगळं तो आमच्या जिन्यात बसून, ती केसासारखी काचेची तार मशीनमध्ये धरून जोडता जोडता सांगत होता. म्हणजे भिंतीला भोक पडलेलं, तार घरात आलेली, मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली. अशा वेळी कोण म्हणणार की जा बाबा परत? शेवटी भोक पाडायचे तीनशे त्याच्या स्वतःच्या नंबरवर जीपे केले, त्याची पावती अर्थातच नाही.

आता हिशोब सांगते, माझा धंदाच तो आहे. ४९९ गुणिले ६ म्हणजे २,९९४. त्यावर सीजीएसटी ९ टक्के २६९ रुपये ४६ पैसे आणि तेवढाच एसजीएसटी, झाले ३,५३२ रुपये ९२ पैसे. डिपॉझिट १,५००, वायर ४८०, भोक ३००. एकूण ५,८१२ रुपये ९२ पैसे, आम्ही ५,८१३ म्हणू. पत्रक वाचून मी मनात धरले होते २,९९४, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

हेच बिल मी संध्याकाळच्या बॅचला गणित म्हणून घातलं, कारण दहावीच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजनाचा धडा आहे आणि त्यात जीएसटीच शिकवायचा असतो. मुलांनी पाच मिनिटांत सोडवलं. पण एक मुलगा म्हणाला, मॅडम पुस्तकात तर सगळे आकडे आधी दिलेले असतात, इथे अर्धे आकडे गणित सोडवायला लागल्यावर कसे काय येतात? मला उत्तर देता आलं नाही.

खरं तर त्याचं उत्तर सरकारनेच दिलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ बद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ग्राहकाला गंडवायचे १३ प्रकार नावानिशी दिलेत आणि त्यातला एक आहे ‘ड्रिप प्रायसिंग’. म्हणजे किंमत एकदम सांगायची नाही, सलाईनसारखी थेंब थेंब सोडायची. आमच्या जिन्यात जे झालं ते दुसरं काय होतं? आणि हे नियम फक्त ऑनलाईन दुकानाला नाहीत, जाहिरात करणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही आहेत. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ‘सर्व करांसहित’ छापावं लागतं, दुकानदार वर जीएसटी मागू शकत नाही, आणि वर्षाला सात-आठ हजार खाणाऱ्या नेटच्या जाहिरातीत कर चांदणीच्या मागे लपतो. १८ टक्के काही नवीन नाही, २०१७ च्या जुलैपासून आहे, त्याआधी १५ टक्के सर्व्हिस टॅक्स होता, तेव्हा कंपनीला आकडा माहिती नाही असं तर नाहीच. व्यापाऱ्याला हा कर नंतर वळता करून घेता येतो, घरच्या माणसाच्या मात्र तो खिशातूनच जातो, मग घरगुती प्लॅनची किंमत कर सोडून सांगण्यात काय अर्थ आहे ते मला खरंच समजत नाही.

बरं एवढ्यावर संपलं नाही. हॉलमध्ये नेट पळायचं आणि आतल्या खोलीत, जिथे मुलगी काम करते, तिथे दोन भिंतींच्या पलीकडे एक काडी. फोन केला तर म्हणाले तो सिंगल बँड राउटर आहे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा, दोन फ्रिक्वेन्सींचा ड्युअल बँड घ्या, १,८०० जास्त. आता शंभर एमबीपीएसचा प्लॅन विकताना हातात तो साधा २.४ गिगाहर्ट्झचा डबा द्यायचा, ज्याच्यावर वायफायने शंभर सहसा मिळतच नाही, हे म्हणजे पुरणपोळी वाढून तूप वेगळं विकत घ्या म्हणण्यासारखं. आम्ही नाही घेतला, दीरांनी मोठी लॅन वायर टाकून दिली. आणि आमच्याकडे लाईट गेली की राउटर बंद, म्हणून छोटा यूपीएस घ्यावा लागला, त्याचे बाराशे. ते कंपनीच्या नावावर घालत नाही, पण नेट घेताना धरायला हवेत एवढं खरं. ओटीटी फ्री होतं ते ४९९ वर नव्हतंच, ५९९ वर होतं.

मजा पुढे आहे. सहा महिने झाले आणि डिसेंबरात खात्यातून आपोआप ७०६ रुपये ८२ पैसे गेले. ४९९ म्हणे ओपनिंग ऑफर होती, आता ५९९ अधिक जीएसटी. ऑटोपे मीच चालू केलं होतं, पहिल्या दिवशी त्या पोराने माझ्याच फोनवरून करून दिलं होतं. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आणि आलाही होता, पण दिवसाला चाळीस मेसेज येतात त्यात लोनवाले, सोनेवाले, त्यात तो कुठे शोधायचा.

जानेवारीत कनेक्शन बंद करायचं ठरवलं. जोडायला एक सकाळ लागली होती, तोडायला पाच आठवडे. राउटर न्यायला माणूस येईना, आला तर म्हणाला अ‍ॅडाप्टर हा नाही. तो मूळचा अ‍ॅडाप्टर गणपतीत लाईट खालीवर झाली तेव्हा जळला होता आणि कंपनीच्याच माणसाने दुसरा लावून दिला होता. तरी डिपॉझिटमधून ३५० कापले. मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नंबर घेतला, मग उरलेले १,१५० मार्चमध्ये आले. ३५० गेले ते गेलेच.

लोक सांगतात ट्रायकडे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, आधी कंपनीच्या कॉल सेंटरला नोंदवायची, नंबर घ्यायचा, नाही सुटली तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे. ग्राहक आयोगात जाता येतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते हे स्पष्ट केलंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. पण ३५० रुपयांसाठी रिक्षाने जाऊन-येऊन किती होतात सांगा. सगळा धंदा ह्या एका हिशोबावर चाललाय, की रक्कम एवढी लहान ठेवायची की माणूस चरफडेल पण उठणार नाही.

दुसरं कनेक्शन घेताना मी शहाणी झाले. तीन ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज टाकला: सगळं धरून पहिल्या दिवशी किती, सहा महिन्यांनी महिना किती, बंद करताना परत किती, आणि अनलिमिटेड म्हणजे किती जीबीनंतर स्पीड पडतो, लिहून पाठवा. एका कंपनीच्या मुलीने लगेच फोन केला. मी म्हणलं फोन नको, लिही. “मॅडम मी एक्सप्लेन करते ना.” लिहिलं नाही ते नाहीच. दुसऱ्याने लिहिलं पण फक्त ‘५०० जीबी नंतर २ एमबीपीएस’ एवढंच. २०२३ च्या जानेवारीपासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान दोन एमबीपीएस अशी आहे, त्याआधी ५१२ केबीपीएस होती, म्हणजे कागदोपत्री ते ब्रॉडबँडच, पण त्याच्यावर मुलीची मीटिंग आणि ह्यांची मॅच एकदम चालणार नाही. तिसरा आमचा जुना केबलवाला. त्याने एका ओळीत लिहिलं, “ताई महिना ७०० सगळं धरून, वायर राउटर माझा, सोडताना परत द्या.” त्याचंच घेतलं. स्पीड कधी कधी मार खातो, बिल मागितलं की तो जरा कानकोंडा होतो, आणि सिग्नल तुटून राउटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला की फोन उचलायला दुपार करतो. पण ७०० म्हणाला आणि आजपर्यंत ७००च घेतोय.

माझं तुमच्याकडे एवढंच म्हणणं आहे. सरकार कधी करेल ते करेल, पण तुमच्या पानावर नेटची जाहिरात घेताना एक अट तुम्ही घालू शकता: जो मोठा आकडा छापायचा तो कर धरून छापा, आणि त्याच्याच शेजारी, तेवढ्याच अक्षरात, पहिल्या दिवशी एकूण किती भरावे लागतील तो आकडा. जाहिरातदार रुसतील, मला कळतं, पेपर जाहिरातीवर चालतो. पण वाचक पण महिन्याचे पैसे देतोच की.

सोबत त्या पिवळ्या पत्रकाचा फोटो जोडलाय. चांदणीखालची ओळ मला चष्मा लावूनही पूर्ण वाचता आली नाही, शेवटचे चार शब्द राहिलेच. तुमच्या ऑफिसात कोणाला वाचता आले तर कृपया कळवा.

आपली,
एक जुनी वाचक
धायरी, पुणे