साइड क्वेस्ट संपल्यानंतरचं

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेमच्या साइड क्वेस्टची, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामांची, यादी नीट वाचली. मेहनत दिसतेच आहे. पण 'आई, खेळणाऱ्याला यातलं काय मनापासून करावंसं वाटेल?' असं तू विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या यादीत बऱ्याच ठिकाणी एकच घडतं. कोणीतरी काहीतरी मागतं, आपण ते आणून देतो, पैसे आणि एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात, आणि त्यानंतर त्या माणसाकडे बोलायला काही उरत नाही. आणून देण्यात मुळात वाईट काहीच नाही. 'विचर ३' या व्हिडिओ गेममध्ये, अगदी सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड गावात, एका म्हातारीला तिचा तवा परत हवा असतो. एका परक्या माणसानं तो नेलेला असतो आणि तो होता त्या घराला कुलूप. गेराल्ट, म्हणजे आपण खेळतो तो राक्षस मारणारा 'विचर', दार उघडून आत जातो तर समोर प्रेत, आणि तवा लख्ख घासलेला. नीट पाहिल्यावर उलगडतं की काहीतरी लिहायला शाई हवी होती म्हणून तव्याची काजळी खरवडून घेतलेली आहे! बाहेर निल्फगार्ड या शत्रुराज्याच्या सैन्यानं गाव व्यापलंय, आत खून झालाय, आणि म्हातारीचा जीव तिच्या तव्यात. पाच-दहा मिनिटांचं काम, पण त्या गावात लोक कसे दिवस काढत असतील ते मला तिथं कळलं. म्हणजे वस्तू कोणती आणायची याला फारसं महत्त्व नाही. मागणाऱ्याला ती आत्ता, अशा वेळी का हवी आहे, ते मात्र तुला पक्कं ठाऊक पाहिजे. तुझ्या 'हरवलेली शेळी' मध्ये शेळी आहे, पण शेळीवाली कुठे आहे?

आता त्याच गावातली माझी सगळ्यात आवडती क्वेस्ट. टोमिरा नावाची झाडपाल्याची औषधं देणारी बाई आहे. तिच्या झोपडीत लेना पडलेली असते. ग्रिफिन नावाच्या पंखवाल्या राक्षसी प्राण्यानं फाडलेली, शेवटच्या घटका मोजणारी. गेराल्टकडचं औषध तिला देऊन बघायचं का, हा प्रश्न येतो. त्याचं 'स्वॉलो' हे औषध विचरांसाठी असतं, साध्या माणसासाठी ते विष. दिलं तर वाचेल कदाचित, नाहीतर तडफडून मरेल. न दिलं तर शांतपणे जाईल. मी दिलं. क्वेस्ट पूर्ण झाल्याची सूचना आली, आणि लेनाचं काय झालं ते कोणीच सांगितलं नाही.

पुढे खूप नंतर, वेलेन नावाच्या पुढच्या प्रदेशातल्या निल्फगार्डच्या छावणीत, एक सैनिक गाठतो. लेना त्याची प्रेयसी. शत्रूच्या सैन्यातला मुलगा! ती जगली, असं तो सांगतो, पण तिचं मन पूर्वीसारखं राहिलेलं नाही. यात कोणाचं बरोबर ठरत नाही, कोणाचं चूकही ठरत नाही.

मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं, तुला माहीत आहे. पेशंट घरी गेला की पुढचं आम्हाला सहसा कळत नाही. मग कधीतरी भाजी घेताना त्याचा भाऊ भेटतो आणि दोन वाक्यांत सगळं सांगून जातो. हा सैनिक मला तसा भेटला. तो भेटेपर्यंत मी लेनाला विसरलेही नव्हते आणि तिची आठवण काढत बसलेही नव्हते. ही मधली अवस्था तयार करणं हे फार मोठं कसब आहे. त्याला खर्च किती, तर एक माणूस आणि थोडेसे संवाद.

'मास इफेक्ट २' या गेमचं उदाहरण तू दिलंस. तिथे साथीदारांची वैयक्तिक कामं केली नाहीत तर शेवटच्या मोहिमेत ते मरू शकतात. मला ही पद्धत कमी पटते, कारण बरेच जण ती कामं धास्तीनं उरकतात. तरी त्यातल्या थेन या साथीदाराची गोष्ट मी विसरणार नाही. आयुष्यभर पैशासाठी माणसं मारलेला, आता स्वतः मरणपंथाला लागलेला बाप, आणि त्याचा मुलगा तोच धंदा सुरू करायला निघालाय. तिथे मी मोहिमेचा विचारच केला नाही, पोराला थांबवायचं एवढंच डोक्यात होतं. बक्षीस किंवा धाक बाजूला काढल्यावरही करावीशी वाटेल तीच क्वेस्ट ठेव. 'स्कायरिम' या गेममध्ये कामं आपोआप तयार होत राहतात, कधी संपतच नाहीत, आणि त्यातलं एकही मला आज सांगता येणार नाही.

तुझ्या यादीतली नावाड्याची क्वेस्ट मला फार आवडली. पूर आलेला असताना तो मुलीला पलीकडे सोडायला सांगतो आणि खेळणारा 'नाही' म्हणू शकतो. ते 'नाही' काढून टाकू नकोस, तुझे सर काहीही म्हणोत. पण नाही म्हटल्यावर पुढे कुठेच काही घडत नाही, तिथे अजून काम आहे. ती मुलगी पलीकडच्या गावात कोणाकडे निघाली होती? त्या माणसाला एक घर दे, आणि खेळणारा दुसऱ्याच कामाला त्या गावात येईल तेव्हा त्याला बोलू दे. मॅपवर खूण लावू नकोस.

निम्म्या क्वेस्ट गाळाव्या लागतील, आणि त्या वेळात ही एक पूर्ण होईल. नवा बिल्ड, म्हणजे गेमची पुढची आवृत्ती, तयार झाला की पाठव. मी आधी 'नाही' म्हणून खेळेन.

तुझी,
आई