देव्हाऱ्यातल्या मेडलची कड वाचणाऱ्या मेजर काकांना

आदरणीय मेजर काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही हवालदार क्लार्क म्हणून रिटायर झालात, मेजर म्हणून नव्हे, हे पहिल्याच भेटीत दोनदा सांगितलंत. पण आपल्या साताऱ्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्याला माझा इलाज नाही. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता ठेवून दाखवा.

तुमच्या गोडोलीच्या घरी आले तेव्हा माझ्याकडं गोष्ट पक्की होती. पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात अडकले, तिथं घोडी कापून खायची वेळ आली तरी त्यांनी तोंड लावलं नाही, आणि हाडांचा सापळा होऊन घरी परतले. ही गोष्ट आज्जीनं सांगितली, वडिलांनी सांगितली, आणि तात्यांनी तर घरातल्या प्रत्येक लग्नात पंगत उठेपर्यंत सांगितली. 'वीर सुभेदार' अशी संगमरवरी पाटीही तात्यांनी करून घेतली होती. हवा होता फक्त एक कागद. त्यासाठी मी दोन वर्षं अर्ज केले. एका कार्यालयातून 'नोंद आढळून येत नाही' एवढी एक ओळ आली, दुसरीकडून तीही नाही. एका गृहस्थांनी पंधरा हजारांत लंडनहून सर्व्हिस रेकॉर्ड काढून देतो म्हणून सांगितलं होतं. नशीब, तेव्हा हातात पैसे नव्हते.

तुम्ही कागद मागितलाच नाही. विचारलंत, "मेडल आहे का घरात? आणि बायका ते कशानं घासतात?"

मला आधी वाटलं, काका थट्टा करतायत. मेडल होतं, देव्हाऱ्यात. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. मेडलच्या एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, टापांखाली ढाल. आज्जीच्या लेखी तो खंडोबाच. टाकांच्या रांगेत त्याला जागा मिळाली, राजाचं तोंड भिंतीकडं गेलं, आणि दर चंपाषष्ठीला टाकांबरोबर त्यालाही भंडारा. घासायची ती चिंचेनं.

"चांदीला कोणी चिंच लावत नाही," तुम्ही म्हणालात. "चांदीला रांगोळी. चिंच तांब्यापितळेला. म्हणजे तुमच्या आज्जीला ठाऊक होतं."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या महायुद्धाचं हे घोडेस्वाराचं मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळायचं. आपल्याकडच्या मजूर पलटणीतल्या आणि ओझी वाहणाऱ्या माणसांना तेच ब्राँझमध्ये. व्हिक्टरी मेडल सगळ्यांचंच ब्राँझचं असतं, पण त्याच्यावर पंखवाली बाई असते, त्यामुळं घोटाळा व्हायचं कारण नाही. आम्ही आपले समजत होतो की जुनं झालं म्हणून काळवंडलं.

कडेवरची अक्षरं शंभर वर्षांच्या चिंचेनं जवळजवळ गेली होती. तुम्ही काकूंची टाल्कम पावडर मागवलीत, बोटानं कडेवर चोळलीत, खिडकी लावलीत आणि मोबाइलची बॅटरी आडवी धरलीत. पावडर खाचांत अडकून अक्षरं पांढरी दिसायला लागली. पहिला शब्द आमच्या घरी सगळे 'कंपनी'चं छोटं रूप म्हणून वाचत आले होते. तुम्ही तो वाचलात, पण मोठ्यानं नाही. भिंग माझ्या हातात दिलंत आणि पाणी आणायला म्हणून आत गेलात.

सी, ओ, ओ, एल, वाय. पुढं पणजोबांचं नाव. पुढं एस अँड टी कोअर.

तुम्ही आत मुद्दाम वेळ काढलात, हे मला नंतर सांगलीच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

बाहेर आल्यावर तुम्ही पुन्हा क्लार्क झालात. सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट म्हणजे फौजेचं धान्य, जनावरं, वाहतूक. हिंदुस्थानातून त्या युद्धात असे साडेपाच लाखांहून जास्त बिनलढाऊ लोक भरती झाले, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे गेले त्यांचं दार बसरा. पणजोबा पलटणीत नव्हतेच, तर पलटणीच्या लाँग रोलमध्ये, म्हणजे शिपायांच्या नोंदवहीत, नाव कुठून यायचं? मी दोन वर्षं चुकीच्या दारावर टकटक करत होते. बसऱ्याच्या स्मारकाचंही सांगितलंत: ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक, पण आपल्या साध्या शिपायांची नावं त्याच्या भिंतीवर कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा घातला. शिवाय अशी स्मारकं गेलेल्यांची. जिवंत परत आलेला माणूस त्यात शोधून काय उपयोग? आमच्या गावच्या चावडीतल्या फरशीवरही किती गेले आणि किती मेले एवढंच आहे. पंजाबची तीन लाखांवर शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये निघाली, हे सांगताना तुमच्या आवाजात सरळसरळ हेवा होता.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मेडलवर भरवसा ठेवायचा नाही. मेडल जुन्या बाजारातसुद्धा मिळतं. गावचा कागद बघू." आणि गुडघा दुखत असताना माझ्याबरोबर तहसीलला आलात, नमुना नंबर १४ बघायला. कोतवाल बुक म्हणतात ते, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं. मोडी वाचायला तुमचे मास्तर मित्र आले. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून त्यांना श्वास घ्यायला सवड नाही, तरी तुमच्या शब्दाखातर अर्धा दिवस बसले.

नोव्हेंबर १९१६. पणजोबांचं नाव, जात, आणि पुढं 'मुलगी'.

तुम्ही बोटं मोजायला लागलात. कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, जगले ते कैदेत गेले. नोव्हेंबरमधून नऊ महिने मागं... एवढं म्हणून तुम्ही खाकरलात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. मास्तर हसले. मीही हसले, काका. कुट तिथंच संपलं. वेढ्याच्या ऐन दिवसांत पणजोबा घरी होते.

मास्तर पानं उलटत गेले. १९१८ चा ऑक्टोबर आला. इन्फ्लुएंझाचा. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', मध्ये एखादा साप चावलेला. आणि त्यात पुन्हा पणजोबांचं नाव, मुलगी, वय २, ताप. ही मुलगी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. आज्जीला सुद्धा असेल की नाही कोण जाणे. तुम्ही नक्कलेचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिलात. दोन नोंदींच्या दोन नकला मागितल्यात, मी एकच म्हणत होते.

तात्या चिडणार हे उघड होतं. "कुली? आमच्या घराण्यात?" म्हणाले. तो फोन मी तुमच्याकडं दिला, हा माझा पळपुटेपणा. तुम्ही त्यांना फक्त विचारलंत, "तात्या, तुम्ही साखर कारखान्यात होतात ना? तेव्हाचं पोतं किती किलोचं?"
"शंभर."
"बसऱ्यात जूनमध्ये ते पाठीवर घेऊन बोटीच्या फळीवरून उतरायचं. दिवसाला किती जमतील?"
तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाटीचे पैसे देऊन झालेत हो."

पाटी लागली, हे कळवायचंच राहिलं होतं. संगमरवराची मागची बाजू कोरी होती, तीच कोरून घेतली. पणजोबांचं नाव, खाली 'एस अँड टी कोअर, बसरा'. कारागिरानं पुन्हा पूर्ण पैसे घेतले. 'वीर सुभेदार' आता भिंतीच्या बाजूला तोंड करून आहे, देव्हाऱ्यातल्या जॉर्जसारखा.

मेडल पुन्हा टाकांशेजारी गेलं. तुम्ही ते डब्यात बंद ठेवा म्हणाला होतात, पण वहिनी ऐकेनात, चंपाषष्ठीला खंडोबा कमी कसा पडेल म्हणाल्या. तडजोड एवढीच झाली की घोडेस्वाराला चिंच लावायची, कडेला नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेढ्यांचा पुडाही अर्धा परत दिलात. हळद तेवढी ठेवून घेतलीत, काकूंनी तुमच्या देखत डबा आत नेला म्हणून. संपत आली असेल. काकूंना सांगा, पुढच्या महिन्यात साताऱ्याला येतेय, दोन किलो आणते.

तुमची,
सांगलीची पोरगी