माळ्यावरच्या कॅसेट टाकण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई आली की माळ्यावरचे कॅसेटचे डबे भंगारात जातात. त्यांत गाण्यांबरोबर जुन्या कॉम्प्युटरच्या कॅसेटही असू शकतात. त्या टाकू नका, यासाठी हे पत्र.

१९८६ साली माझ्या दिरांनी इंग्लंडहून झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आणला. मेमरी ४८ केबी, पडदा म्हणजे घरचा टीव्ही. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं, म्हणून साध्या टेपरेकॉर्डरवर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवायचं. भरलेली मेमरी उतरायला पाचेक मिनिटं लागत. नववीच्या ६२ मुलींचे गुण मी त्यावर भरले. सेव्ह करताना टेपरेकॉर्डरचा आवाज मशीनमध्ये आणणारी ‘ईअर’ची वायर काढावी लागते, नाहीतर बाहेर जाणारा आवाजच परत आत शिरून रेकॉर्डिंग बिघडू शकतं. त्या रात्री साडेअकराला मी ती काढायला विसरले. कॅसेटवरचं मेमरीशी ताडून पाहणारी व्हेरिफाय कमांडही दिली नाही. सकाळी पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’, म्हणजे कॅसेट वाचता येत नाही! दोन दिवस बसून सगळं पुन्हा भरलं. तेव्हापासून दर वेळी व्हेरिफाय, दोन वेगळ्या कॅसेट, चुकून वर काही टेप होऊ नये म्हणून पाठीवरचे बारके प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले, आणि दुसरी कॅसेट नणंदेच्या घरी.

गेल्या वर्षी आमच्याकडची कॅसेट काढली तर फितीवर पांढरी बुरशी. ती लावलीच नाही, टेपचं हेडही खराब झालं असतं. नणंदेकडची लावली. आवाज बोथट येत होता. नातवाने हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवला आणि तो एकदम टोकदार झाला. मग लॅपटॉपवर वेव्ह फाइल केली. एमपी३ करू नये. स्पेक्ट्रमच्या टेपवर ‘एक’चा ठोका ‘शून्य’च्या दुप्पट लांब असतो, मशीन त्यावरूनच वाचतं, आणि एमपी३मध्ये आवाज आवळताना त्या ठोक्यांच्या कडा बिघडू शकतात.

आज पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या विद्यार्थिनींची नावं हजेरीच्या क्रमाने पडद्यावर आली तेव्हा मला बोलवेना.

कॉलेजांच्या संगणक विभागांना विनंती, की दिवाळीआधी एखादा दिवस ठेवून लोकांच्या अशा कॅसेट उतरवून द्याव्यात. चालू टेपरेकॉर्डर आता सहज मिळत नाही. माझा द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा