चंद्रभागा बीचवर माझ्या मावशीच्या हातात वाळू देणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे पण इथे लिहीत नाहीये, तुम्हाला न विचारता ते असं सगळ्यांसमोर टाकणं मला बरं वाटत नाही. पण तुम्ही हे वाचलंत तर लगेच ओळखाल. कोणार्कजवळचा चंद्रभागा बीच, डिसेंबरच्या सुरुवातीचा तो सँड आर्ट फेस्टिव्हल, आणि काळा गॉगल घातलेल्या, हातात पांढरी काठी असलेल्या एक वयस्कर बाई ज्या तुम्हाला सारखं "पोरी, हे खालून पोकळ आहे का गं?" असं विचारत होत्या. त्या माझ्या मावशी. तिकडे गडबडीत थँक्यू म्हटलं तेवढं पुरेसं नव्हतं, म्हणून हे पत्र, आणि उघडं अशासाठी की असे फेस्टिव्हल भरवणाऱ्या, तिथे जाणाऱ्या लोकांनीही हे वाचावं असं मला फार वाटतं.

मावशी शाळेत भूगोल शिकवायची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो तिला. पण ओडिशाला जायचं, समुद्राजवळचं ते सूर्यमंदिर आणि तो वाळूचा उत्सव "बघायचा" हे तिनेच ठरवलं होतं, बघायचा हाच शब्द ती वापरते आणि आम्हीही वापरतो. हा फेस्टिव्हल दरवर्षी १ ते ५ डिसेंबरला असतो, ओडिशा पर्यटन खात्याचा, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी तिकडे कोणार्क नृत्य महोत्सव पण असतो, त्यामुळे दिवसा वाळू आणि रात्री ओडिसी असा बेत होता. पुरीहून येताना समुद्राकाठचा तो रस्ता, त्यालाही मरीन ड्राइव्हच म्हणतात, दोन्हीकडे सुरूचं बन, खिडकी उघडी ठेवून मावशी नुसती ऐकत बसली होती. पहाटे बीचवर गेलो तेव्हा तर ती फारच खूश झाली, कारण आपण कोकणात समुद्रात सूर्य बुडताना बघणारी माणसं, आणि इथे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सकाळचं ऊन सरळ गालावर येतं. वर्षानुवर्षं फळ्यावर पूर्व किनारा पश्चिम किनारा काढून दाखवला, आता अंगावर कळला, असं म्हणाली.

पण मग आम्ही शिल्पांपाशी आलो आणि तिथे माझी पंचाईत झाली. दोरी लावलेली, हात लावू नका म्हणून सांगणारी माणसं उभी, आणि ते बरोबरच आहे, एक बोट लागलं तरी कुणाची तासन् तासांची मेहनत खाली येऊ शकते, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मी आपली वर्णन करत होते, की हा एक मोठा चेहरा आहे, इथे कासव आहे, ते बहुतेक ऑलिव्ह रिडले असावं कारण ओडिशाचा किनारा त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे, गहिरमाथा, ऋषिकुल्या वगैरे, तिकडे त्यांच्या माद्या हजारोंनी अंडी घालायला येतात. मावशीला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिला माहिती नको होती, तिला आकार हवा होता. किती उंच? पाठीचा उतार कसाय? पाय अंगाला चिकटलेत की सुटे आहेत? आणि मी शब्द शोधत होते.

तेवढ्यात मागून तुम्ही मराठीत म्हणालात, "काकू, हात वाळूने भरले तर चालतील का तुम्हाला?"

ओडिशात इतक्या लांब मराठी ऐकून आधी आम्हाला आश्चर्यच वाटलं. तुमच्या टीमचं काम आटपत आलं होतं, तुम्ही सकाळपासून उन्हात उभ्या होतात, हाताला फडकं बांधलेलं, आणि तरी तुम्ही आम्हाला मागच्या बाजूला नेलंत जिथे उरलेल्या वाळूचा ढीग होता. तळ कापलेली एक बादली उलटी ठेवलीत. आणि तुम्ही करून दाखवलं नाहीत, मावशीकडूनच करवून घेतलंत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक थर वाळू, मग भरपूर पाणी, मग चोपायचं, परत थर, परत पाणी, परत चोपायचं. मावशीला चोपणं सांगावं लागलं नाही, लहानपणी अंगण चोपायची तिला सवय होती आणि तिचा हात अगदी तसाच पडत होता, तुम्ही पण हसून म्हणालात की आमच्या नव्या पोरांपेक्षा छान चोपताय.

आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले. तुम्ही एकालाही टाळलं नाहीत. इतकं पाणी का, चिखल नाही का होणार? तर तुम्ही सांगितलंत की पाण्यामुळे कण सरकून एकमेकांच्या फटीत घट्ट बसतात आणि जास्तीचं पाणी खाली झिरपून जातं, शेवटी दोन कणांच्या मधे पाण्याचा बारीकसा पूल तेवढा उरतो आणि तो पूलच त्यांना ओढून धरतो. कोरड्या वाळूत हा पूल नसतो म्हणून ती घसरते, आणि पाण्यात बुडलेल्या वाळूत सगळीकडे पाणीच पाणी असल्यामुळे धरायला पूल उरतच नाही. घरी आल्यावर मी याबद्दल वाचलं, २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय आणि वाळूला सगळ्यात जास्त बळ मिळतं ते आकारमानाच्या फक्त १ टक्क्याच्या आसपास पाणी असताना. एक टक्का! मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली त्या पोरीने हातावर दिलं होतं तेच हे.

दुसरा तिचा प्रश्न कणांचा. समुद्राच्या लाटांनी घासून घासून कण गोल होतात, मग ते घसरत नाहीत का? तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता तेव्हा, आनंदाने, कारण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही असं तुम्ही म्हणालात. मग तुम्ही समजावलंत की म्हणूनच जगात बऱ्याच ठिकाणी मोठ्या कामांना मुद्दाम कोनाकोनाची, थोडी माती असलेली वाळू आणतात, कारण कोन एकमेकांत अडकतात आणि बारीक माती मधल्या जागा भरते, किनाऱ्यावरची गोल वाळू वापरायची तर चोपण्यावर जास्त मेहनत घ्यावी लागते. डेन्मार्कमध्ये २०२१ साली जो २१.१६ मीटर उंच वाळूचा किल्ला उभा राहिला, जगातला सगळ्यात उंच, त्याच्या वाळूत पण चिकणमाती मिसळलेली होती. मावशी हे ऐकून अशी काही रमली की मला तिचा वर्ग आठवला, फक्त या वेळी ती बाकावर होती.

बादली वर उचललीत आणि तो ठोकळा उभा राहिला. तुम्ही तिचे दोन्ही तळवे त्यावर ठेवलेत. खरं सांगते, तिला विश्वासच बसत नव्हता की ही तीच वाळू जी मघाशी बोटांतून ओघळत होती. मग कोरायला वरून सुरुवात करायची, खालून कधीच नाही, कारण वरची वाळू खाली पडते आणि खालचं झालेलं काम खराब होतं, शिवाय एकदा खाली उतरलं की परत वर जाता येत नाही. मोठ्या शिल्पांना लाकडी चौकटींचे मजले रचतात आणि वरचा मजला कोरून झाला की मगच खालची चौकट सोडवतात, हे पण तेव्हाच कळलं. मी इतका वेळ ती शिल्पं बघत होते आणि हा एवढा मोठा नियम माझ्या डोक्यातही आला नव्हता.

तुम्ही कासव कोरलंत. छोटंसं, दोन विती असेल. मधे मधे थांबून मावशीचं बोट जिथे काम चाललंय तिथे न्यायचात, आता पाठ, आता मान, आता हा पाय. तुमची छोटी थापी तिच्या हातात दिलीत, ती रिकामी स्ट्रॉ पण, जिने फुंकर मारून बारीक खाचेतली सुटी वाळू उडवतात, आणि मावशीने ती फुंकली तेव्हा आजूबाजूची चार पोरं पण जमली होती बघायला. आणि मग तिचं बोट कवचाच्या कडेखाली गेलं, जिथे तुम्ही आतून खरवडून पोकळ केलं होतं, आणि तिने विचारलं हे कशाला? तुम्ही म्हणालात, "काकू, बघणाऱ्याला इथे काळी सावली दिसते. आमच्याकडे रंग नाही, सावलीच आमचा रंग. तुम्हाला सावली नाही दिसणार, पण तुमचं बोट जिथे आत गेलं ना, तीच ती."

ताई, या एका वाक्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे. मी इतक्या वेळा मावशीला गोष्टी वर्णन करून सांगितल्यात पण मला कधी हे सुचलं नव्हतं की वाळूचं शिल्प ही जवळपास पूर्ण खोलीचीच कला आहे, म्हणजे जे डोळ्याला दिसतं ते सगळं आधी कुणीतरी हाताने आत ढकललेलं असतं, आणि म्हणून ते हाताला वाचता येतं. आमच्यासारख्या डोळस माणसांना सकाळी आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात ती शिल्पं जास्त छान दिसतात, दुपारी ऊन डोक्यावर आलं की सपाट वाटतात. मावशीला दुपार आणि सकाळ सारखीच. तुमच्या कासवात तिला जे सापडलं ते मला नुसतं बघून सापडलं नसतं, हे मी मोठं करून सांगत नाहीये, मी नंतर डोळे मिटून हात फिरवला तेव्हा मला डोळ्याच्या पापणीची कड लागली जी मला दिसलीच नव्हती.

बलराम दासांची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. जगन्नाथाचा भक्त कवी, रथयात्रेत त्यांना रथावर चढू दिलं नाही, अपमान करून खाली उतरवलं, तेव्हा ते समुद्रावर गेले आणि वाळूतच जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा घडवून तिथेच पूजेला बसले, आणि इकडे रथ जागचा हलेना. ओडिशात वाळूच्या कलेचं मूळ या कथेपर्यंत नेतात. मावशीला ही गोष्ट फार भिडली. ज्याला जवळ येऊ दिलं नाही त्याने जे हाताशी होतं त्यातूनच आपला देव घडवला, हे तिने त्या रात्री परत परत बोलून दाखवलं. वाळूशिल्पकार सुदर्शन पटनायकांबद्दल पण तुम्ही भरभरून बोललात, पुरीच्या किनाऱ्यावर मोठा झालेला मुलगा, २०१४ ची पद्मश्री, आणि त्यांनी काढलेली संस्था जिथे पोरं वाळूवरच शिकतात. तुम्हीही अशाच कुणाचं तरी बघून या वाटेला लागलात असं म्हणालात, घरच्यांना समजवायला वेळ लागला ते पण सांगितलंत. त्यांना माझा निरोप द्या, की तुमची मुलगी काय काम करते ते आम्ही हाताने बघून आलोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूर्यमंदिरात गेलो. १३व्या शतकातलं, राजा नरसिंहदेवाने बांधलेलं, दगडी रथाची २४ चाकं, त्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी परत लिहीत नाही. एवढंच सांगते की चाकापाशी उभं राहून मावशीने मला विचारलं की आऱ्यांच्या मधली जागा आत किती गेलीय, आणि या वेळी मी तिला नीट सांगू शकले. बोटाचं पहिलं पेर, दुसरं पेर, असं माप देऊन. आदल्या दिवशीचं कासव माझ्याही हाताला माहीत होतं ना.

आता जे फेस्टिव्हल भरवतात त्यांना एक विनंती आहे आणि ती मी तुमच्या साक्षीने करते. दोरीच्या आतल्या शिल्पांना हात लावू देऊ नका, अजिबात नाही. पण उरलेल्या वाळूत एक कोपरा असा ठेवा जिथे छोटी शिल्पं हात लावायलाच केलेली असतील, मोडली तर मोडू देत, परत करता येतात. वाळू तिथे आहेच, पाणी तिथे आहेच, शिकाऊ कलाकार तिथे आहेतच, त्यांनाही सराव होईल. ज्यांना दिसत नाही ते येतील, लहान मुलं येतील, आणि मला खात्री आहे की ज्यांना चांगलं दिसतं ते सुद्धा रांगेत उभे राहतील. शक्य असेल तिथे व्हीलचेअर वाळूत रुतू नये म्हणून फळ्यांचा रस्ता पण घाला, आम्हाला लागला नाही पण एक आजोबा लांबूनच बघून परत गेले ते मी पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

तुम्ही ते कासव मोडून वाळू परत ढिगात टाकलीत तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण मावशीनेच "मोड गं, बघू तरी कसं मोडतं" म्हणून पहिला हात घातला होता, तेव्हा मी गप्प बसले.

तेव्हापासून घरी गॅलरीत एक तळ कापलेली बादली आहे, नदीची थोडी वाळू आहे, आणि मावशी आहे. ठोकळा आता न कोसळता निघतो. कवच जमतं, मान तुटते. तिने तुम्हाला तीन गोष्टी विचारायला सांगितल्यात आणि मी जशाच्या तशा लिहिते: मान कोरताना खाली आधार ठेवून मग शेवटी काढायचा का आधीच मोकळी करायची? वाऱ्याने वरचा थर सुकून झडतो तर नुसतं पाणी फवारलं तर चालेल का, की शिल्पांवर फवारतात तो पातळ केलेला पांढरा गोंदच लागतो? आणि नदीच्या वाळूत माती किती मिसळू? उत्तर सवडीने पाठवा, ऑडिओ पाठवलात तर उत्तम, ती स्वतः ऐकेल.

तुमची,
भूगोलवाल्या काकूंची भाची