चक्कर येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोळी नको

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला बहुधा दोनपैकी एक कारण सांगतात: मानेचा मणका झिजलाय, नाहीतर कानाचा त्रास आहे. सोबत चक्कर दाबणारी गोळी, आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. अशा गोळ्या फार काळ घेतल्या तर मेंदू नव्याने तोल सावरायला शिकतो ती प्रक्रियाच रेंगाळते. त्यातल्या काही गोळ्यांनी तर हातपायांना कंप सुटतो.

आतल्या कानातले कण जागचे हलून येणारी चक्कर सर्वांत जास्त आढळते. एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं की ती बहुतेकदा थांबते. मला लिहायचंय ते उरलेल्या रुग्णांबद्दल.

जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णाचंच बघा. या औषधाने दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी होऊ शकते, तीही बहुधा कायमची. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्याने गरगरत नाही, ऐकूही नीट येतं, त्यामुळे श्रवणचाचणी निर्दोष निघते. मात्र अंधारात पाय अडखळतात, चालताना समोरच्या पाट्या हलताना दिसतात. हे ऐकून घेणारं कोणी भेटलं नाही, तर त्याला मानसिक रुग्ण ठरवलं जातं. मला याचा फार त्रास होतो.

मायग्रेनची चक्कर डोकं न दुखताही येते. तिचे निकष २०१२ पासून उपलब्ध आहेत. काहींना मोठ्या आवाजाने गरगरतं, कारण आतल्या कानाच्या एका नलिकेवरच्या हाडात फट पडलेली असते. हा आजार १९९८ मध्येच वर्णिला गेला.

सगळ्यांत घातक म्हणजे लहान मेंदूचा पक्षाघात. चेहरा बहुधा वाकडा होत नाही, हातापायांतली ताकद शाबूत असते, सुरुवातीचा सीटी स्कॅनही अनेकदा स्वच्छ येतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांच्या हालचाली तीन प्रकारे तपासल्या, तर प्रशिक्षित डॉक्टर तो सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही अचूक ओळखू शकतात, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. त्याला कोणतंही यंत्र लागत नाही.

म्हणून विनंती अशी: प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आणि तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना या तपासण्या रुग्णावर प्रत्यक्ष करवून शिकवा. चक्कर किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, कोणती औषधं घेतली, हे प्रश्न केसपेपरवर छापून घ्या. जेंटामायसिन देण्याआधी रुग्णाला धोका सांगणं आणि उपचार चालू असताना त्याचा तोल तपासणं सक्तीचं करा.

आपला नम्र,
तोल गेलेल्या रुग्णांना पुन्हा चालायला शिकवणारा एक फिजिओथेरपिस्ट