ताप उतरल्यावरची गोळी

चोपडा, श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकाचा मलेरियाचा ताप उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. पण 'ताप गेला, मग आशाताईंनी वरून प्रायमाक्विन कशाला दिली?' हा तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. सातपुड्याच्या पायथ्याशी आपण दोघंही गोधडीत कुडकुडलोय, म्हणून नीट लिहितो.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकाराचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि ४८ तासांत वाढून ती फोडतो. मधल्या काळात पेशीच्या पृष्ठभागावर तो आपलं एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. मग ती पेशी रक्तवाहिनीला चिकटून बसते, पाणथरीत गाळली जात नाही. शरीर ते प्रथिन ओळखू लागलं, की काही परजीवी दुसरं बाहेर काढतात. अशा प्रथिनांची सुमारे ६० जनुकं त्याच्याकडे आहेत, आणि एका वेळी एकच चालू!

बाकीची बंद कशी राहतात? जिनिंग आठव. मोकळ्या ढिगातली रुई पोरालाही उपसता येते. दाबून पट्ट्या आवळलेल्या गाठीतली मूठभरही निघत नाही. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ठरावीक रासायनिक खूण पडली, की एचपी१ नावाचं प्रथिन ती खूण धरतं आणि तेवढा भाग आवळून टाकतं. या गाठी केंद्रकाच्या कडेला रचलेल्या असतात. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं: एवढासा जीव, आणि त्याची लबाडी डीएनए कसा बांधला यावर चालते.

आता तुझी गोळी. त्याच एचपी१ने एपी२-जी नावाच्या प्रथिनाचं जनुकही आवळलेलं असतं. थोड्याच परजीवींमध्ये जीडीव्ही१ हे प्रथिन एचपी१ला तिथून हुसकून लावतं. मग एपी२-जी तयार होतं, डीएनएवर बसतं आणि नर-मादी रूपांची वाट उघडतं. एपी२-जीचं हे काम २०१४ साली उघड झालं. ती रूपं पिकायला १०-१२ दिवस लागतात. त्यांनी ताप येत नाही, पण डासातून पुढे जातात तीच. तापावरच्या गोळ्या पिकलेल्या रूपांवर फारशा चालत नाहीत, प्रायमाक्विन चालते. म्हणजे ती एक मात्रा तुझ्या लेकासाठी कमी आणि शेजारच्या पोरांसाठी जास्त होती. आशाताईंनी योग्यच केलं.

गल्लीत कुणाला थंडीताप असेल तर अंगावर काढू देऊ नकोस, लगेच रक्त तपासून घ्यायला लाव.

आईंना नमस्कार, लेकराला आशीर्वाद. पोळ्याला येतो.

तुझाच