धूपगडच्या वाटेवर स्पीकर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पचमढीच्या धूपगड चढाईवरचा लेख वाचला. चढताना कंटाळा येऊ नये म्हणून ब्लूटूथ स्पीकर सोबत ठेवा, असा सल्ला त्यात आहे. पेपर बाजूला ठेवला, पण राग काही गेला नाही, म्हणून लिहितो आहे.

ज्यांना गाणी ऐकतच वर जायचं आहे त्यांच्यासाठी धूपगडच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. बायसन लॉजवर परवाना काढायचा, जिप्सीत बसायचं, सूर्यास्त पाहून खाली यायचं. त्यात वाईट काहीच नाही. म्हातारी माणसं आणि लेकरं दुसरी कशी जाणार? पण सातपुड्यातलं सगळ्यात उंच, 1350 मीटरचं शिखर जो पायवाटेनं चढायला निघतो, तो त्या जंगलासाठीच निघतो ना?

मागच्या जूनमध्ये मी मुलीला घेऊन गेलो होतो. पहिला पाऊस होऊन गेला होता, सालाची पानं धुतलेली होती. एका वळणावर खालच्या दरीतून कस्तुराची शीळ ऐकू आली. शाळकरी पोरगं रिकामपणी शीळ घालतं, तसा हा पक्षी गातो. मुलीनं माझा दंड घट्ट धरला, म्हणाली, "बाबा, हलू नका." सोबतचा कोरकू वाटाड्याही थांबला. एवढ्यात मागून सात-आठ जणांचं टोळकं आलं. एकाच्या बॅगेला स्पीकर लटकलेला, त्यावर लाल-निळे दिवे लुकलुकत होते. शीळ जी थांबली ती थांबलीच. वाटाड्यानं हात जोडून आवाज बंद करायला सांगितलं, तर त्यातला एक माझ्याकडे वळून म्हणतो, "काकाजी, जंगल काय तुमच्या नावावर आहे का?" बोलण्यावरूनच कळलं, आपल्याच नागपूरची पोरं. पुढे कितीतरी वेळ वरच्या वळणांवरून ते गाणं खाली येत राहिलं, आणि वाटेत त्यांची कुरकुऱ्यांची पाकिटं. ती मुलीनं वेचली.

हा फक्त माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्या जंगलात अस्वल आहे, बिबट आहे. वाटाड्याची सगळी भिस्त कानावर असते. वानर खेकसलं, सांबर ओरडलं की तो माणसांना जागीच थांबवतो. स्पीकर सुरू असला तर त्याला काय ऐकू येणार? शिवाय अभयारण्यात प्राण्यांना सतावणं आणि कचरा टाकणं याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 नेच मनाई आहे. लेखात हॉटेलांचे दर आले, पण याबद्दल एक ओळ नाही.

नागपूरच्या पेपरनं हे छापावं याचं मला जास्त वाईट वाटतं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा उन्हाळ्यात सरकार पचमढीला जायचं. आजही सुटी लागली की सावनेर, छिंदवाडा, तामियामार्गे आपल्याच गाड्यांची रांग लागते. तुम्ही इथं छापलेलं आठवडाभरात तिथल्या पायवाटेवर पोचतं.

आणि फोटोचंही सांगतो. धूपगड म्हणून जो छापलाय त्यात त्रिशूळांची रास स्पष्ट दिसते आहे. तो चौरागड आहे. महाशिवरात्रीला विदर्भातून हजारो भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथं पायऱ्या चढतात. आमच्या घरातल्या तीन पिढ्या गेल्या आहेत. नागपुरात बसून ही चूक व्हायला नको होती.

येत्या रविवारी त्याच पानावर फोटोची दुरुस्ती छापा आणि स्पीकरचा सल्ला मागे घेतल्याचंही स्पष्ट लिहा. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. दिवाळीच्या सुट्या लागायच्या आत हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, धरमपेठ, नागपूर